पाठ, प्रत आणि खरखर : हेलहॅमरच्या १९८३ मधील ध्वनिफितींविषयी

ध्वनिमुद्रणाची चिकित्सा कोणत्या पद्धतीने करावयाची, ह्याचा विचार आपल्या विद्यापीठीय विभागांतून फारसा झालेला नाही. हस्तलिखित पोथी हाती आली म्हणजे काय करावयाचे, हे आपणांस ठाऊक असते. प्रतींची तुलना करावी, ग्रंथकाराचा हात व लिपिकाराचा हात निरनिराळे ओळखावेत, पाठभेद नोंदवावेत, आणि एखादा पाठ दुर्बोध आहे एवढ्याच कारणाने तो भ्रष्ट मानू नये, ही शिस्त आपल्या अभ्यासात मुरलेली आहे. परंतु त्याच अभ्यासकापुढे ध्वनिफीत ठेवली, तर त्याचा पहिला अभिप्राय बहुधा आवाज नीट येत नाही एवढाच असतो. जणू पोथीला कसर लागलेली दिसताच तिचे वाचन सोडून द्यावे!

शहापूर-मुरबाडच्या परिसरात काम करणाऱ्यास हा प्रश्न टाळता येत नाही. कसाऱ्याच्या आसपासच्या पाड्यांवर ठाकर, कातकरी, वारली, महादेव कोळी ह्यांची गाणी आज विद्यार्थी खिशातल्या दूरध्वनीवर मुद्रित करतात. घरी आल्यावर पहिले काम म्हणजे ते मुद्रण स्वच्छ करणे. घाटाच्या ३७ फुटांस १ फूट ह्या चढणीसाठी कसाऱ्यास गाडीच्या मागे जोडलेल्या इंजिनांची घरघर, कोंबड्याचे आरवणे, मुलांचा गलका, वाऱ्याचा सू-सू आवाज, हे सर्व यंत्राच्या साह्याने पुसून टाकले जाते. पुसता पुसता तारप्याच्या नादातील भरड कंपही पातळ होतो, गाणारीच्या कंठातील घोगरेपणा कमी होतो, आणि शेवटी हाती येते ती एक सोज्ज्वळ वस्तू. ती कोणाची, हे मात्र सांगता येणार नाही.

ह्या प्रश्नाची छाननी करण्यासाठी प्रस्तुत लेखात मुद्दाम दूरचे उदाहरण घेतले आहे. आपल्या प्रदेशातील गाण्यांविषयी आपणांस एक तर ममत्व वाटते, नाही तर कणव वाटते, आणि दोन्ही भावना चिकित्सेस सारख्याच बाधक आहेत. ज्या ध्वनिफितींविषयी आपणांस ममत्वही नाही आणि कणवही नाही, किंबहुना ज्यांच्याविषयी थोडी किळस वाटण्याचाच संभव अधिक, अशा फिती हाती घेतल्यास पद्धतीचे गुणदोष उघडे पडतील. स्वित्झर्लंडमधील हेलहॅमर ह्या वाद्यसंघाने १९८३ मध्ये मुद्रित केलेल्या फिती ह्या दृष्टीने सोयीच्या आहेत.

झुरिकच्या ईशान्येस, क्लोटेन विमानतळापासून जवळच, न्यूरेन्सडॉर्फ नावाचे खेडे आहे. तेथील टॉम गेब्रिएल फिशर ह्या तरुणाच्या पुढाकाराने १९८२ मध्ये हा संघ उभा राहिला. फिशरचे बाल्य विपन्न व एकाकी होते, हे त्याने स्वतःच पुढे ग्रंथरूपाने सांगितले आहे. संगीताचे रीतसर शिक्षण कोणाचेच झालेले नव्हते. फिशर गिटार वाजवी व गाई, उर्स स्प्रेंगर मंद्र गिटार वाजवी, यॉर्ग नॉयबार्ट तालवाद्ये सांभाळी. तिघांनीही भयंकर वाटतील अशी टोपणनावे घेतली होती. तालमीची जागा शेजारच्या बिर्खविल गावातील एक बंकर. युद्धकाळी नागरिकांना आसरा मिळावा म्हणून १९६३ च्या कायद्याने स्वित्झर्लंडमध्ये अशी निवाऱ्याची तळघरे सक्तीची झाली, आणि शांततेच्या काळात त्यांतील कित्येकांना असे भलतेच भाडेकरू लाभले. ह्या बंकरचे नाव मुलांनी ग्रेव्ह हिल, म्हणजे थडग्यांची टेकडी, असे ठेवले होते. ह्या नावावरून त्यांच्या कल्पनाशक्तीची जात आणि वय ही दोन्ही कळतात.

जून १९८३ मध्ये ह्याच बंकरमध्ये झालेल्या मुद्रणातून दोन फिती तयार झाल्या. त्यांपैकी डेथ फीन्ड ही मुद्रकांना स्वतःलाच इतकी कच्ची वाटली की ती त्यांनी बाहेर काढली नाही. दुसरी, ट्रायम्फ ऑफ डेथ, हातोहात पसरली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सॅटॅनिक राइट्स ही तिसरी फीत झाली. बर्लिनच्या नॉइझ रेकॉर्ड्स ह्या कंपनीने संघास करारबद्ध केले, मार्च १९८४ मध्ये बर्लिन येथे अपॉकॅलिप्टिक रेड्स ही छोटी तबकडी मुद्रित झाली आणि मे १९८४ च्या अखेरीस संघ विसर्जित झाला. दोन वर्षांचा संसार! फिशर व नंतर येऊन मिळालेला मार्टिन एरिक एन ह्यांनी लगेच केल्टिक फ्रॉस्ट हा नवा संघ काढला, आणि ज्यांनी हेलहॅमरची टर उडविली होती त्यांतील बऱ्याच जणांनी ह्या दुसऱ्या संघाची वाखाणणी केली.

थ्रॅश मेटल ह्या प्रकाराचा परिचय येथे थोडक्यात करून देणे इष्ट होईल. विजेच्या गिटारींवर, अतिद्रुत लयीत, तळहाताची कड तारांवर टेकवून स्वर आखूड व टणक करीत वाजविण्याची ही रीती १९८२-८३ च्या सुमारास कॅलिफोर्नियात आकारास आली. मेटॅलिका ह्या संघाची पहिली दीर्घ तबकडी २५ जुलै १९८३ रोजी प्रसिद्ध झाली. म्हणजे बिर्खविलच्या बंकरमधील मुद्रण तिच्या आधीचे आहे. त्या मुलांपुढे आदर्श होता तो इंग्लंडमधील व्हेनम ह्या संघाचा, ज्याच्या पहिल्या दोन तबकड्या १९८१ व १९८२ मधल्या. शिवाय डिस्चार्ज ह्या पंक संघाचा आणि त्याहून जुन्या ब्लॅक सॅबथचा संस्कार त्यांच्यावर होता. जर्मनीच्या रूर ह्या कोळशाच्या मुलुखात सोडोम व पुढे क्रिएटर ह्या नावाने प्रसिद्धीस आलेले संघ ह्याच सुमारास अशाच कच्च्या फिती काढीत होते. तेव्हा हेलहॅमर हे एकटे बेट नव्हे. तरी त्या सर्वांत अधिक ओबडधोबड कोण, असा प्रश्न केल्यास बहुतेक जाणकार ह्याच संघाकडे बोट दाखवितील.

आता फितीतील नादाकडे वळू. प्रथमश्रवणी काही कळत नाही. गिटारीचा नाद इतका फाटलेला आहे की स्वर कोठे संपतो आणि गोंगाट कोठे सुरू होतो हे सांगता येत नाही. आपल्या परंपरेतील एक शब्द ह्या ठिकाणी उपयोगी पडतो. तंबोऱ्याची जवारी लावताना घोडीवर, तारेखाली, सुताचा दोरा सरकवितात, तो कशासाठी? तार घोडीस नेमकी इतकीच घासावी की तिच्यातून एक झणझणणारी, उपस्वरांनी भरलेली आस निघावी, ह्यासाठी. स्वच्छ, निर्मळ वाजणाऱ्या तारेस आपण जवारी बंद आहे असे म्हणतो व ती खोलण्याची खटपट करतो. अर्थात् घर्षणाने उत्पन्न होणारी खरखर हा आपल्या अभिजात संगीतातही दोष नसून स्वराच्या पूर्णत्वाची अट आहे. विद्युत् गिटारीचा ध्वनिवर्धक मर्यादेपलीकडे चढविला म्हणजे त्यातील नादलहरींचे माथे छाटले जातात, आणि छाटलेल्या लहरीत मूळ स्वरात नसलेले कित्येक उपस्वर निर्माण होतात. तंत्र निराळे, हेतू मात्र फार दूरचा नाही. जवारीत ही छाटणी कारागिराच्या बोटांनी तोलून होते. बिर्खविलच्या बंकरात ती बेताल झाली आहे, एवढा फरक मान्य केलाच पाहिजे.

ह्याच कारणाने ह्या संगीतात गांधार गळतो. पाश्चात्त्य स्वरसंहतीचा पाया षड्ज, गांधार, पंचम असा त्रिपदी असतो. नाद इतका फाटलेला असताना गांधार मिसळला तर स्वरांच्या परस्पर-संयोगाने विसंवादी कचरा फार होतो. म्हणून वादक केवळ षड्ज व पंचम वाजवितात. ह्या दोहोंचे कंपनप्रमाण २:३ असल्यामुळे त्यांच्या फरकातून खर्जातील षड्ज आपोआप उमटतो, आणि दोन तारांतून तीन स्वरांचा भरणा होतो. तंबोऱ्याच्या षड्ज-पंचमाशी परिचित असलेल्या कानास ही रचना परकी वाटू नये. परके वाटते ते चलन. कोमल रिषभावर घसरणे, तीव्र मध्यमावर येऊन थांबणे, पंचमाचा आश्रय मिळण्यापूर्वीच पुन्हा षड्जावर आदळणे, अशा चाली ब्लॅक सॅबथने १९७० पासून रूढ केल्या होत्या. कोमल रिषभ व तीव्र मध्यम हे स्वर मारव्यातही आहेत. परंतु मारव्यात ते लांबविले जातात, त्यांच्यावर रेंगाळून सांजवेळेची अस्वस्थता उत्पन्न केली जाते. येथे त्यांच्यावर कोणी रेंगाळत नाही.

मेनिअॅक, रीपर ह्यांसारख्या द्रुत गीतांविषयी विशेष लिहावे असे काही नाही. ती व्हेनमच्या वळणाची आहेत, आणि उसने वळण म्हटले की त्याची बरोबरी मूळाशी होणारच; त्या बरोबरीत ती उणी पडतात. तालवादक लय धरून ठेवू शकत नाही, आणि लय सुटली की तिचा गडबडीने पाठलाग होतो. शीर्षकांतील सैतान, वध, थडगी, रक्त ही सामग्री पौगंडावस्थेतील आहे. ज्यांनी ह्या फितींचे मंडन करताना ह्या सामग्रीत गूढ तत्त्वज्ञान शोधले, त्यांच्या उत्साहाचे कौतुक करून ते बाजूला ठेवणेच बरे.

परंतु ट्रायम्फ ऑफ डेथ हे शीर्षक-गीत ऐकताना अभ्यासकाने थांबावयास हवे. ह्या गीताच्या तीन प्रती उपलब्ध आहेत : जून १९८३ ची बंकरमधील, डिसेंबर १९८३ ची, आणि मार्च १९८४ ची बर्लिनमधील. एकाच कवीने एकाच कवितेचे तीन खर्डे दहा महिन्यांच्या आत मागे ठेवावेत, तसा हा प्रकार आहे. शेवटच्या प्रतीत गीताची लांबी नऊ मिनिटांपलीकडे गेली आहे. ज्या संघाची ओळखच घाईची, त्याने येथे संथ, जवळजवळ प्रेतयात्रेची गती धरली आहे. एकच ओळखीचे स्वरवाक्य पुनःपुन्हा येते, आणि त्यावर फिशरचा आवाज गाणे सोडून विव्हळण्याकडे, विव्हळणे सोडून किंकाळीकडे जातो. शब्द कळेनासे होतात. ते न कळणे येथे लाभाचे ठरते, कारण शब्द कळले असते तर आपण पुन्हा त्या पोरकट सामग्रीकडे आलो असतो. शब्द विरघळून कंठ तेवढा उरतो, आणि तो कंठ नाटकी आहे की खरा, हा निर्णय करता येत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते ह्या गीताचे सामर्थ्य ह्या अनिर्णयातच आहे.

तिन्ही प्रतींत श्रेष्ठ कोणती? रचनेच्या दृष्टीने बर्लिनची प्रत उजवी आहे. तीत पुनरुक्ती हेतुपुरस्सर झाली आहे आणि लांबविण्याचे धाडस आहे. तथापि तिच्यात आपण काय करीत आहो ह्याची जाणीवही आली आहे. वेदना आता प्रदर्शनास ठेवलेली वाटते. बंकरमधील प्रतीत ती जाणीव नाही, कारण तितके कौशल्यच नाही. मधली, डिसेंबरची प्रत ही दोहोंमधील उंबरठ्यावर आहे, आणि प्रस्तुत लेखकाचा कल तिच्याकडे आहे. हा कल आहे, सिद्धान्त नव्हे.

मर्ढेकरांनी सौंदर्याच्या विचारात संवाद, विरोध आणि समतोल अशी लयीची तीन तत्त्वे सांगितली. त्यांचा आधार घेऊन पाहिले तर ह्या गीतात संवाद व समतोल जवळजवळ नाहीत आणि विरोधही विरळ आहे, कारण विरोधाला दोन पक्ष लागतात. येथे एकच पक्ष आहे, तो म्हणजे सतत दाबून ठेवणारा खर्ज. मग ह्याला कलाकृती म्हणावयाचे की नाही? रससिद्धान्ताकडे वळल्यास स्थिती थोडी सुधारते. शीर्षके पाहता बीभत्स रसाची अपेक्षा होते, परंतु जुगुप्सा उत्पन्न होत नाही. अतिशयोक्तीमुळे तिचे हसू होते, आणि आपण रसाभासात जाऊन पडतो. ज्या काळी इंग्लंडमधील संगीत-नियतकालिकांनी ह्या मुद्रणांची निर्भर्त्सना केली, संगीत म्हणवून मुद्रित झालेल्या वस्तूंत ह्याहून वाईट काही नाही अशा आशयाचे अभिप्राय दिले, त्या काळी समीक्षकांच्या कानी हा रसाभासच आला असला पाहिजे. त्यांचे कान खोटे होते असे म्हणता येत नाही. त्यांनी सर्व गीतांस एकच माप लावले, इतकाच त्यांचा अपराध. ट्रायम्फ ऑफ डेथ ह्या गीतात भय आहे, आणि त्या भयाचा आलंबनविभाव शीर्षकातील मृत्यू नसून गाणाऱ्याची स्वतःची अगतिकता आहे, हे त्यांच्या लक्षात आले नाही.

ह्या अगतिकतेस सामाजिक पार्श्वभूमी होती का? मे १९८० च्या अखेरीस झुरिक शहरात दंगे उसळले. संगीतिकागृहाच्या नूतनीकरणासाठी ६ कोटी फ्रँक खर्च करावयाचे, पण तरुणांना स्वतःचे असे एक केंद्र द्यावयाचे नाही, ह्या धोरणाविरुद्ध ते होते. आमच्या नायकांचा त्या चळवळीशी संबंध जोडणे मोहक असले तरी ते जुळत नाही. ते शहरातले नव्हते, त्यांची भाषा राजकीय नव्हती, आणि त्यांना केंद्र नको होते. त्यांना एक तळघर मिळाले होते. परंतु अभिजात संगीताच्या घरावर कोट्यवधी खर्चणाऱ्या समृद्ध शहरापासून काही मैलांवर तीन मुलांनी तळघरात बसून अशी वस्तू केली, ही गोष्ट दृष्टीआड करू नये. महानगराच्या कडेला राहणाऱ्यांचा नाद महानगराच्या मापाने नेहमीच ओबडधोबड ठरत आलेला आहे. कसारा हे मुंबईच्या उपनगरी गाड्यांचे ईशान्येकडील शेवटचे स्थानक. येथून मुंबई सुमारे १२० किलोमीटर. एवढे अंतर रोज तोडणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस ह्याचा अधिक विस्तार करून सांगण्याची आवश्यकता नाही.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे प्रतींकडे, येऊ. १९६३ मध्ये फिलिप्स कंपनीने आणलेली छोटी ध्वनिफीत सुमारे ३.८ मिलिमीटर रुंदीची, आणि ती सेकंदास पावणेपाच सेंटिमीटर गतीने धावते. दोन यंत्रे जोडली की कोणासही घरी प्रत काढता येत असे. ट्रायम्फ ऑफ डेथची फीत अशाच प्रकारे टपालाने देशोदेशी गेली. मिळालेल्या फितीची प्रत करून दुसऱ्यास पाठवावयाची आणि त्याच्याकडून दुसऱ्या संघाची फीत मागवावयाची, असा हा व्यवहार होता. प्रत्येक प्रतीत मूळ फितीची खरखर राहून नव्या फितीची खरखर तिच्यात भर घाली. यंत्राचे शीर्ष थोडे तिरपे बसले असल्यास वरचे उपस्वर झडत. यंत्राची गती कमी-अधिक असल्यास सारे गीत पाव स्वराने खाली किंवा वर सरके. लिपिकाराची नजर एका ओळीवरून खालच्या ओळीवर घसरावी, तसा कोठे मधला भाग गळे. पोथ्यांचा वंशवृक्ष लावण्याची जी साधने आपणांजवळ आहेत ती येथे बहुतांशी लागू पडतात. उलट येथे एक सोय अधिक आहे. लिपिकार शहाणा असला तर तो मजकूर सुधारतो व आपणांस फसवितो. यंत्र कधी सुधारत नाही. त्याची चूक नेहमी एकाच दिशेची, म्हणजे ऱ्हासाची, असते.

परंतु ऱ्हास हाच पुढे परंपरेचा भाग झाला तर? नॉर्वेतील तरुणांनी १९८४ नंतर ज्या संगीताचा पाया घातला, त्यात झिरझिरीत, खालचा भरणा गेलेला, खरखरीत नाद हे बुद्ध्या स्वीकारलेले लक्षण आहे. मेहेम ह्या संघाच्या गिटारवादकाने आपले टोपणनाव हेलहॅमरच्या एका गीताच्या शीर्षकावरून घेतले, आणि त्याच संघाचा तालवादक तर हेलहॅमर ह्याच नावाने प्रसिद्ध आहे. ह्या पिढीच्या कानी जे हेलहॅमर आले ते पुष्कळ अंशी कितव्या तरी प्रतीतले. बंकरमध्ये जे वाजले ते आणि परंपरेने जे ऐकले ते, ही दोन निराळी संहिता-रूपे आहेत, आणि प्रभावाच्या इतिहासात दुसरेच अधिक महत्त्वाचे आहे.

महानुभाव वाङ्मयाच्या अभ्यासकास ही परिस्थिती नवी नाही. लीळाचरित्राची मूळ प्रत नाहीशी झाल्यावर ते स्मरणाच्या आधारे पुन्हा सिद्ध झाले, आणि परंपरेने निरनिराळ्या आठवणी एकमेकींत मिसळून न टाकता वासना म्हणून नोंदविल्या. पाठभेदासाठी असा सुंदर शब्द अन्य कोणत्या वाङ्मयात असेल असे वाटत नाही. उलट एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि त्यांचीच प्रत प्रमाण ठरली. पुढे १९०९ मध्ये राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून एक प्रत छापली, आणि शुद्ध कशास म्हणावे हा वाद नव्याने सुरू झाला. शुद्धीकरणाने ग्रंथ वाचतो, आणि त्याच शुद्धीकरणाने काही हरपते. ह्या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात.

हेलहॅमरच्या बाबतीत शुद्धीकरण केले ते खुद्द ग्रंथकारांनी. फिशरने वर्षानुवर्षे ह्या फितींची लाज बाळगली. केल्टिक फ्रॉस्टच्या लौकिकास त्यांचा डाग लागेल अशी धास्ती त्यास होती. पुढे मत पालटले. २००८ मध्ये तिन्ही फितींतील मुद्रणे, बाहेर न काढलेल्या डेथ फीन्डसह, संघातील जुन्या सदस्यांच्या देखरेखीखाली डीमन एन्ट्रेल्स ह्या नावाने एकत्र प्रसिद्ध झाली. २०१९ पासून फिशरने ट्रायम्फ ऑफ डेथ ह्याच नावाचा संघ उभारून ही गीते रंगमंचावर सादर केली. ह्या पुनर्मुद्रणात नाद अर्थातच अधिक भरीव आहे. मंद्र गिटार स्पष्ट ऐकू येते. अभ्यासकाने ही आवृत्ती वापरावी की नाही? अवश्य वापरावी. परंतु ती ग्रंथकाराची उत्तरकालीन आवृत्ती आहे, १९८३ चा श्राव्य पुरावा नव्हे, ह्याचे भान ठेवून. ज्या कर्त्याने आपली कृती दीर्घ काळ नाकारली आणि नंतर स्वीकारली, त्याच्या दोन्ही निवाड्यांस चिकित्सेत सारखेच स्थान आहे, किंवा सारखेच नाही. मुद्रणाच्या क्षणी तो कर्ता होता. पंचवीस वर्षांनंतर तो पहिला संपादक आहे.

महाराष्ट्रात ह्या जातीच्या संगीताचा प्रवेश प्रामुख्याने मुंबईतून झाला. १९८६ मध्ये सुरू झालेल्या इंडिपेंडन्स रॉक ह्या महोत्सवाचे आणि धोबी तलावाजवळील रंगभवन ह्या खुल्या नाट्यगृहाचे नाव त्या पिढीच्या तोंडी अजून असते. तेथेही परदेशी संगीताचे पहिले ज्ञान झाले ते बहुधा प्रतीच्या प्रतीवरून, आणि ऐकणाऱ्याने आपल्या वादनात ती खरखर मिळवून घेतली असल्यास नवल नाही. अशोक रानडे ह्यांनी भारतीय संगीताचे आदिम, लोक, भक्ती, कला, जन व संगम असे जे कोटिक्रम मांडले, त्यांत हे संगीत कोठे ठेवावे? विक्रीच्या दृष्टीने ते जनसंगीताच्या कोटीत जावे. पण ज्या फिती विकल्या गेल्या त्याहून अधिक वाटल्या गेल्या, त्यांस बाजाराची वस्तू म्हणणे कठीण. टपालाने एकमेकांस फिती धाडणारा तो समाज लोकसंगीताच्या समूहासारखा वागतो : कर्त्याचे नाव ठाऊक असते, पण प्रत कोणाची कोणास मिळाली ते कोणी विचारीत नाही. ही कोटी मोडते असे म्हणण्यापेक्षा येथे दोन कोटींची सरहद्द ओलांडली जाते, असे म्हणणे अधिक रास्त होईल.

आदिम ह्या शब्दाविषयी मात्र सावध राहावयास हवे. हेलहॅमरच्या चाहत्यांनी ह्या फितींस आदिम म्हणून गौरविले आणि टीकाकारांनी आदिम म्हणून धिक्कारले. दोघांच्याही म्हणण्यात कौशल्याचा अभाव आणि जाणीवपूर्वक साधलेला भरडपणा ह्यांची गल्लत आहे. तारपा पाहा. वाळलेला भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, मेणाने लिंपलेले सांधे, आणि न तुटणारा श्वास. वादक वर्तुळाच्या मध्ये असतो, नाचणारे त्याच्याभोवती फिरतात. दोन्ही नळ्यांचे स्वर तिळभर वेगळे पडले की जो थरथरणारा स्पंद उठतो, तो ऐकून पाहुणा म्हणतो, वाद्य नीट लागलेले नाही. वादक मात्र मेण चेपून, जीभ सारखी करून तो नाद हवा तसा मिळवितो. हे आदिम नव्हे. ही जवारी आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या कानांनी ती तोललेली आहे. बिर्खविलच्या मुलांजवळ असे तोललेले कान नव्हते. त्यांनी घोडीखालचा दोरा न सरकविताच जवारी उघडली, असे म्हणता येईल. म्हणून तारपा आणि हेलहॅमर ह्यांना एका पंक्तीत बसविण्याचा जो नवा उत्साह अधूनमधून दिसतो, तो तारप्यावर अन्याय करणारा आहे. खरखर दोन्हीकडे आहे. ती कोठे कमावलेली आणि कोठे घडून आलेली, हे ऐकून सांगता येणे हेच समीक्षकाचे काम. आणि हे सांगण्यासाठी ती खरखर मुद्रणात शिल्लक असावी लागते.

तेव्हा आपल्या भागातील मुद्रणांपुरती एक व्यवहार्य रीत सुचवावीशी वाटते. पाड्यावर झालेले मूळ मुद्रण जसेच्या तसे, काहीही न पुसता, स्वतंत्र ठेवावे. त्यावरून केलेली प्रत्येक स्वच्छ प्रत ही आवृत्ती समजावी, तिच्यावर संपादक म्हणून विद्यार्थ्याचे नाव घालावे, आणि काय काढले ते लिहावे. घाटातून जाणाऱ्या गाडीचा आवाज काढला असेल तर तो गाण्याच्या कोणत्या ओळीवर होता तेही नोंदवावे. तारप्याचे गीत असेल तर वादकास दोन्ही प्रती ऐकवून तो कोणती आपली म्हणतो ते विचारावे. त्याचे उत्तर अंतिम मानण्याचे कारण नाही, पण ते न विचारण्याचेही कारण नाही. एकाच गाण्याची दोन पाड्यांवरची मुद्रणे जुळत नसतील तर त्यांतून एक सुबक पाठ जोडून काढण्याच्या भरीस पडू नये. दोन्ही ठेवाव्यात, आणि नोंदवहीत दुसरीपुढे वासना असे लिहावे.